रक्कम नको बघूस, व्याख्या बघ

प्रिय मित्रा,

मुलीकडे अमेरिकेला जायचं म्हणून प्रवास विम्याची चार कंपन्यांची पत्रकं पाठवून ‘कुठली घेऊ ते एका ओळीत सांग’ म्हणतोस! एका ओळीत मावणारं प्रकरण असतं, तर त्यांनी एवढी बारीक अक्षरं कशाला छापली असती?

पहिली गोष्ट, विम्याची रक्कम कुणाची मोठी यावर भुलू नकोस. ‘इमर्जन्सी’ कशाला म्हणायचं, हे प्रत्येकीनं आपापल्या सोयीनं ठरवलेलं आहे. समज, छातीत दुखून तू तिथे दाखल झालास आणि ताबडतोब अँजिओप्लास्टी करावी लागली, तर तो खर्च मिळेल. पण ‘बायपास लागेल, मात्र थोडं थांबलं तरी चालेल’ असं डॉक्टर म्हणाले, की कंपनी सांगू शकते, घरी जाऊन करा. विमानप्रवासाला हरकत नाही असं ठरल्यावरही तू तिथेच राहिलास, तर पुढचं बिल बहुधा तुझं. नेमकी ही रेघ कोण कुठे ओढतं, ते चारही पत्रकांत शोध.

दुसरं तुझं बीपी. इथे कंपन्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एखादी आधीपासूनचे आजार सरळ वगळते. एखादी फक्त जिवावर बेतलं तरच देते, तेही वेगळ्या, छोट्या मर्यादेत. एखादी म्हणते, आजार स्थिर असेल तर देऊ. पण या ‘स्थिर’मध्ये मेख आहे. निघण्याआधीच्या ठरावीक मुदतीत गोळीचा डोस बदलला, तरी काही कंपन्या त्याला अस्थिर धरतात. तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललंच, तर कंपनीला लेखी कळव. वहिनींचा थायरॉईडही फॉर्ममध्ये लिही, ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडू नकोस.

तुझ्या नेहमीच्या आरोग्य विम्यात ‘परदेशातही संरक्षण’ असं छापलंय, त्यावर विसंबून राहू नकोस. अशा जोडकलमात अमेरिका आणि कॅनडा वगळलेले असू शकतात, आणि मुलगी तर अमेरिकेतच. शिवाय पैसे आधी आपण भरायचे आणि मागून मागायचे, असाही प्रकार असतो. तिथे 1986च्या कायद्यामुळे बहुतेक सगळ्या रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांना पैशांची हमी न मागता तपासून रुग्णाची प्रकृती स्थिर करावी लागते. उपचार होतील, पण बिलं नंतर येतात. रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, रुग्णवाहिकेचं वेगळं. म्हणून रुग्णालयाशी थेट व्यवहार करणारी कंपनी असेल, तर प्रीमियम जरा जास्त पडला तरी मी तीच घेईन.

परतताना पॅरिसला उतरणार आहात ना? शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं. पण तो आकडा व्हिसा मिळण्यापुरता आहे, अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबला तर तेवढ्यात भागेलच असं नाही.

आणि एक काम आजच कर. चारही कंपन्यांच्या हेल्पलाइनला रात्री उशिरा फोन लाव आणि विचार, ‘दाखल होण्याआधी तुम्हाला कळवायचं राहिलं तर?’ एअर ॲम्ब्युलन्सचंही विचार, कारण त्यांच्या मंजुरीशिवाय ती परस्पर ठरवली तर खर्च नाकारू शकतात. जिथे माणूस बोलेल आणि नीट उत्तर देईल, तिला एक गुण जास्त दे. माझा तर या फोनवरच पत्रकापेक्षा जास्त भरवसा आहे.

भरलेला फॉर्म सही करण्याआधी मला पाठव, एकदा नजरेखालून घालतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच मित्र