न कापलेल्या हसण्याबद्दल

प्रिय सचिन गोस्वामी, सचिन मोटे आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं म्हणजे दादाने लिहायचं होतं. दोनदा कागद घेऊन बसलाही होता. पण त्याची खोड अशी, की मायन्यातच अडकायचा. ‘सगळी’ की ‘सर्व’, ‘हास्यजत्रा’ची की ‘हास्यजत्रे’ची. तेवढ्यात हात दुखायला लागायचा आणि कागद उशीखाली जायचा. दादाला जाऊन आज २१ दिवस झाले. घरात अजून लाल पेनं सापडतायत. उशीखाली, औषधांच्या डब्यात, एक तर फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणात. तेव्हा आता मीच लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या, तपासणारा गेला.

माझा दादा मुद्रितशोधक होता. एका दैनिकात ३४ वर्षं रात्रपाळी केली, निवृत्त झाल्यावर घरी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रुफं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून ज्याचं पोट भरलं त्याच्याबरोबर राहणं काय असतं, ते आमच्या वहिनीला ठाऊक होतं, ती बिचारी सात वर्षांपूर्वीच सुटली. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर लाल खुणा करून दादा ती ज्याची त्याला परत पाठवायचा. भाचीच्या पत्रिकेत ‘आशिर्वाद’ छापून आलं म्हणून भर मांडवात अर्धा तास तोंड पाडून बसला होता. डायलिसिस सुरू करताना संमतीचा कागद पुढे आला, तर त्यात अकरा चुका काढल्या, त्या पेनाने दुरुस्त केल्या आणि मगच सही केली. तिथली मुलगी कधी कागदाकडे बघे, कधी माझ्याकडे.

किडन्या कशा गेल्या, किती डॉक्टर झाले, ते सोडून देते. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको. आठवड्यातून ३ दिवस, दर खेपेला ४ तास, हातात दोन जाड सुया आणि शेजारी मशीन, इतकं पुरे. आणि ज्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून शीर जोडून घेतलीय, तो हात हलवायचा नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी ज्या सेंटरवर जात होतो तिथे भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर बातम्या. सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडतायत आणि खाली नऊ माणसं रक्तदाब सांभाळत पडली आहेत. मी म्हटलं, चॅनल बदला. आत म्हणाले, रिमोट ऑफिसात असतो. ऑफिसात म्हणाले, रिमोट आत असतो. तिथे दादाला नावही नव्हतं. ‘चार नंबरचं वजन घ्या’, ‘चार नंबरला गोळी द्या’. दादा मला हळूच म्हणाला, “पान असतं गं चार नंबरचं. माणूस नसतो.” महिनाभरात त्याने बोलणंच कमी केलं.

नातेवाइकांनीही आपापल्या परीने हातभार लावला. ‘हसा आणि निरोगी राहा’चे फॉरवर्ड रोज सकाळी यायचे. एका मावसभावाने त्याला ओढून बागेतल्या हास्यक्लबात नेलं. तिथे पंचवीस-तीस माणसं हात वर करून हा-हा-हा करत होती. दादाने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, “विनोद कुठाय?”

मग सेंटर बदललं. नव्या ठिकाणी नातेवाइकांना आत बसू देत नसत, पण दादाला कमी ऐकू यायचं, सिस्टर काय सांगतायत ते कळायचं नाही, म्हणून मला कोपऱ्यात स्टूल मिळालं. चार तास स्टुलावर बसून माणूस काय करणार? मी मोबाइलवर तुमच्या टीव्ही कार्यक्रमातली विनोदी स्किटं लावली. माझ्यासाठी हं, त्याच्यासाठी नव्हे. त्याचं मत पक्कं होतं, की टीव्हीवर विनोदी म्हणून जे चालतं ते म्हणजे पुरुषाला साडी नेसवायची आणि मागून रेकॉर्ड केलेलं हसू सोडायचं. बऱ्याच कार्यक्रमांच्या बाबतीत तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

पहिले काही दिवस तो तुम्हाला नुसता तपासत होता. अक्षरशः. जोडशब्द कसे उच्चारतायत, वाक्य कुठे तुटतंय. समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर स्वतः लिहितात आणि स्वतःच उभेही राहतात, हे कळल्यावर “म्हणजे लेखकाला लपायला जागा नाही. बरं आहे,” एवढं म्हणाला. मग गौरव मोरेंचं ते ‘फ्रॉम पवई फिल्टरपाडा’ आलं. दादा म्हणाला, “नुसता पत्ता सांगून टाळ्या घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय.” हसला नाही. पण पुन्हा लाव म्हणाला. आणि प्रभाकर मोरेंचा कोकणी हेल ऐकून तर प्रमाण मराठीचा हा पहारेकरी चक्क म्हणाला, “हे सुधारायचं नाही. हे बरोबरच आहे.” त्याच्या तोंडून ‘सुधारायचं नाही’ हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते.

त्याला कमी ऐकू येणार म्हणजे आवाज मोठा ठेवायला लागणार, आणि आवाज मोठा म्हणजे सगळ्यांना ऐकू जाणार. मला वाटलं, आता तक्रार येईल. पलीकडच्या मावशी म्हणाल्या, “ते मोबाइल जरा उंच धर ना, आवाजच येतोय नुसता.” दुसऱ्या दिवशी टेक्निशियन मुलाने सलाइनच्या स्टँडला चिकटपट्टीने मोबाइल बांधून दिला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. रांगेतल्या पाच जणांना दिसेल असा कोन त्याने उकिडवं बसून, मान वाकडी करून शोधला.

आता ती हाताची गोष्ट. माणूस हसला की हात हलतो, हात हलला की सुईपाशी दाब बदलतो आणि मशीन बोंबलतं. त्यामुळे तुमचा विनोद कुठे लागला ते आमच्याकडे मशीन सांगायचं. एक पंच आला की इकडून टीं टीं, मग तिकडून टीं टीं. सिस्टर धावत यायच्या, “काका, हात!” ज्याचं मशीन बोंबललं ते काका हात धरून बसायचे आणि नुसतं पोट हलायचं. परीक्षकांच्या खुर्चीतून सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक देत असतील ती दाद वेगळी, आमची ही अशी होती.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे, ते वेगळंच आहे आणि अगदी छोटं आहे.

एका स्किटमध्ये एकजण काहीतरी बोलून गेला आणि समोर जिची पाळी होती तिला हसू फुटलं. संहितेतलं नव्हे, खरं. तिने तोंड फिरवलं, खांदे गदगदायला लागले, वाक्य काही येईना. तुमच्याकडे हे इतक्यांदा होतं की तुम्हाला त्याचं काही वाटतही नसेल. समोरचा थांबला. तिचं वाक्य स्वतः म्हणून त्याने वेळ मारून नेली नाही. ती सावरेपर्यंत उभा राहिला, आणि बाजूला बसलेले तुमचेच बाकीचे कलाकार पोट धरून हसत होते. मग तिने वाक्य घेतलं आणि स्किट पुढे गेलं.

दादा म्हणाला, “थांबव.” मी थांबवलं.

“हे त्यांना कापता आलं असतं ना?”

म्हटलं, आलं असतं. टीव्ही आहे, नाटक नाही. पुन्हाही घेता आलं असतं.

“मग ठेवलं का?”

मी काय सांगणार? तो बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत होता. मग म्हणाला, “चूक दिसली, आणि त्यांनी ती राहू दिली.” आणि हसायला लागला. मशीन बोंबललं. त्या सेंटरवर त्याचं मशीन त्या दिवशी पहिल्यांदा बोंबललं.

पुढच्या खेपेला वजनकाट्यावर उभा राहताना तो स्वतःहून म्हणाला, “मी काल रात्री तीन भांडी पाणी प्यायलो.” ज्यांच्या घरी डायलिसिस आहे त्यांना याचा अर्थ कळेल. दिवसाला लिटरभर पाण्याची परवानगी, आणि पेशंट चोरून पितातच. मग काट्यावर ‘ड्राय वेट’पेक्षा, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा, तीन किलो जास्त दिसतं आणि सगळे साळसूदपणे म्हणतात, काट्यातच काहीतरी गडबड आहे. दादा तर वर्षभर काट्यालाच चूक ठरवत आला होता. त्या दिवशी खरं बोलला. सिस्टर रागावल्या नाहीत. “बरं झालं सांगितलंत, त्या हिशेबाने मशीन लावते,” म्हणाल्या. तेव्हापासून तो लपवायचा थांबला. पाणी प्यायचा थांबला नाही हो, तेवढा काही तो सुधारला नाही.

तुम्ही काही त्याला उपदेश केला नव्हता. म्हणूनच त्याने ऐकलं असावं. दुसरा अडखळला तर आपण नुसतं उभं राहायचं, त्याचं वाक्य ओढून घ्यायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, हे फार थोड्या लोकांना जमतं. त्या टेक्निशियन मुलाला जमायचं. दादाला नावाने, ‘काका’ लावून हाक मारणाऱ्या सिस्टरना जमायचं. मला स्वतःला फारसं जमत नाही. दादाला शब्द आठवला नाही की मी लगेच पुरवायची आणि तो चिडायचा. शेवटच्या दोन महिन्यांत मी थांबायला शिकले. कधी कधी शब्द यायला अख्खं मिनिट लागायचं, पण यायचा, आणि माझ्या शब्दापेक्षा चांगला असायचा.

तुमचं सगळंच आवडतं असं नाही, हेही लिहायलाच हवं. नाहीतर दादाच म्हणाला असता की एवढ्या गोड पत्रावर कुणाचा विश्वास बसणार नाही. कधी कधी आरडाओरडा जास्त होतो. कुणाच्या रंगावरून, अंगावरून विनोद झाला की पलीकडच्या मावशी पदर सारखा करायच्या, ते मी बघितलंय. पण दुसऱ्याच स्किटला त्याच मावशी वनिता खरातांना बघून म्हणायच्या, “कशी उभी राहते बघ! लाजत नाही पोरगी.” हे मावशींनी सांगितलं तसं लिहिलंय.

२०१८ साली तुम्ही सुरू केलंत तेव्हा ती स्पर्धा होती म्हणे. आम्ही फार उशिरा आलो, तोवर तिथे कोण जिंकलं याची कुणाला फिकीर उरली नव्हती. एकजण खेळतोय आणि बाकीचे बाजूला बसून त्याला हसतायत, मनापासून. दादाच्या ३४ वर्षांच्या नोकरीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चांगलं काम केलं म्हणून कुणी इतकं खूश झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. हे तो स्वतः म्हणाला होता, जरा कडवटपणेच.

तेव्हा आभार कार्यक्रम उभा करणाऱ्या तुम्हा दोघा सचिनांचे, लिहिणाऱ्या सगळ्यांचे, रंगमंचावरच्यांचे आणि बाजूला बसून हसणाऱ्यांचे. पण एक विनंती आहे. ज्या कुणी एडिटिंगच्या टेबलावर बसून ते हसू कापलं नाही, त्यांना माझा निरोप पोचवा. प्रेक्षक त्यांची नावं वाचत नाहीत. मुद्रितशोधकाचं तर नावच छापत नाहीत, त्यामुळे दादाला त्यांच्याबद्दल विशेष वाटायचं.

काल ती उशी उन्हात टाकली तेव्हा खोळीतून तो कागद पडला. तुम्हाला लिहायला घेतलेला. सगळा मिळून मायना, दीड ओळ. ‘हास्यजत्रा’ची लिहून खोडलंय, वर ‘हास्यजत्रे’ची लिहिलंय, मग तेही खोडलंय. आणि पहिल्या, खोडलेल्या शब्दाखाली ओळीने टिंबं दिली आहेत. प्रुफं तपासताना काही उगाच खोडलं गेलं तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘राहू दे’. अक्षरं जुळवणाऱ्याला कळतं, की हे आहे तसंच ठेवायचं.

समासात लाल पेनाने लिहिलंय, ‘राहू दे’. म्हणून वर मायन्यात मी ‘हास्यजत्रा’चीच ठेवलंय.

आपली,
एका मुद्रितशोधकाची धाकटी बहीण