आत्याचं जेवण

सई बाळा,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, आत्या बाजूलाच होती, म्हणून लिहितेय. फॅमिली ग्रुपवर तो मेसेज आल्यापासून, साखर तोडा कॅन्सर आपोआप मरतो वगैरे, तिने भात पोळी फळं सगळं सोडलंय आणि तू पण तिला छान करतेयस म्हणालीस. परवा परळला पेट स्कॅनच्या वेळी बांगड्या काढायला सांगितल्या तर लग्नापासून कधी न निघालेली सोन्याची बांगडी साबणाशिवाय सुळकन हातातून निघून आली गं. माझ्या पोटात खड्डाच पडला.

मेसेज अर्धा खरा आहे म्हणूनच तो पटतो. ओटो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकातच दाखवलं होतं की ऑक्सिजन असूनसुद्धा कॅन्सरच्या पेशी साखर भरमसाट ओढतात आणि पूर्ण न जाळता लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकतात. पेट स्कॅन त्यावरच चालतो, किरणोत्सर्गी फ्लोरिन लावलेली साखर टोचतात, ती पेशीत जाऊन अडकून बसते, मग तेवढी जागा फोटोत उजळते. इंजेक्शननंतर आत्याला तासभर गप्प पडून राहायला सांगितलं, कारण हालचाल केली तर तीच साखर स्नायू खेचतात.

पण भात सोडला म्हणून रक्तातली साखर संपत नाही. लिव्हर ती बनवतच राहतं, त्यासाठी अंगातले स्नायू मोडून कच्चा माल घेतं. ती बांगडी तशी निघाली ना, ते हेच.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्या बाजूने लढणाऱ्या टी सेल्सना, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, पण साखर लागते, प्रोटीन लागतं, एकीच्या हजारो व्हायच्या असतात त्यांना. आजीच्या चाळीत खालच्या एकाने पाइपला मोटर लावली होती आठवतं? वरच्या मजल्यावर नळाला थेंब नाही. गाठीच्या आसपास तसंच होतं, साखर ती खेचते, वर ॲसिड सोडते, टी सेल्स तिथे पोचूनही मलूल पडतात. 2015 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. आता अख्ख्या चाळीचंच पाणी कमी केलंस तर मोटरवाल्याचं काय जाणार आहे, सांग.

डॉक्टर जी इम्युनोथेरपी म्हणतायत, ॲलिसन आणि होंजो यांना 2018 चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यातलीच, ती टी सेल्सवरचा पीडी-वन नावाचा ब्रेक सोडवते. तो ब्रेक लागला की टी सेलची साखर वापरायची ताकद पण कमी होते. म्हणजे औषध ज्यांच्या जिवावर काम करणार त्यांना ताकद हवी, आणि आत्यालाही इंजेक्शनं झेपायला हवीत. मी तिला पेढे खा म्हणत नाहीये, डायटिशियनने अंडी, डाळ, मासे, भात सगळं लिहून दिलंय, तेवढं पोटात जाऊ दे एवढंच.

आज मऊ भात, तूप, मेतकूट दिलं. चार चमचे खाल्ले, मग ताट सरकवून म्हणाली, सईने सांगितलंय ना नको म्हणून.

माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. शनिवारी ये, तिच्यासमोर बसून तिच्याबरोबर जेव, आणि तो मेसेज चुकीचा होता हे तूच तिला सांग. मी सुरमई आणून ठेवते.

आई