महामार्गावर घावणे कुठे गेली?

डोंबिवलीहून कणकवलीला गाडीने निघालो होतो. सोबत सत्तरीच्या सासूबाई. माणगाव ओलांडल्यावर एका मोठ्या, चकचकीत हॉटेलपाशी थांबलो. मेन्यूत पनीर, नूडल्स, पावभाजी. कोकणचं म्हणावं असं काहीच नाही. वीस रुपये छापलेल्या पाण्याच्या बाटलीचे तीस घेतले. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, चावी मागितली तर ‘आधी ऑर्डर द्या’! सासूबाईंचा चेहरा मला बघवेना.

पुढे राजापूरजवळ पत्र्याच्या शेडमधली खानावळ दिसली. एक काकू बिडाच्या तव्यावर घावणे घालत होत्या. कडा सुटल्या की उलथन्याने अलगद उचलायच्या, की थेट ताटात. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ आणि कोकमाच्या आगळाची सोलकढी. सासूबाईंनी तीन घावणे खाल्ली. मोरी साधीच, पण धुतलेली, आणि पाण्याची बादली भरून ठेवलेली.

रस्ता बराचसा चौपदरी झाला, गावं बगलेला पडली आणि अशा खानावळींसमोरून गाड्या भरधाव निघून जातात. महामार्गालगत सुविधा केंद्रं उभारताना स्थानिक बचत गटांना परवडेल अशा भाड्यात गाळे राखून ठेवावेत. पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊ नयेत. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक प्रत्येक हॉटेलच्या गल्ल्यावर ठळक लावायला सांगावा. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप नको, ही विनंती नाही, मागणी आहे.

– एक वाचक, डोंबिवली