व्हेनिसला पाण्यातूनच जा

ती. आई-बाबा,
सा. न.

ग्रिट्टी पॅलेस हॉटेलचं बुकिंग पक्कं झालं. हा वाडा १४७५ चा. पुढे १५२५ मध्ये अँद्रेआ ग्रिट्टी, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, तिथे राहायला आला. अशा जुन्या वास्तूत सगळ्या खोल्या सारख्या नसतात. तुमच्यासाठी मुद्दाम चौकाकडची घेतली आहे. कालव्याकडच्या बाजूला शेजारीच जिल्यो हा लाँचचा धक्का आहे, आणि बाबांची झोप सावध. ग्रँड कॅनॉल खालच्या टेरेसवर बसून हवा तितका बघा; समोरच सालूते चर्चचा घुमट दिसतो.

पैसे वाचवायचे तर जेवणात वाचवा, पोहोचण्यात नको. इथल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. बॅगेची चाकं तिथे निरुपयोगी आणि बाबांचे गुडघे तर त्याहून. विमानतळावरून आलिलागुना या बोट कंपनीची नारिंगी लाइन थेट जिल्योला उतरवते, पण वेळ बराच घेते. वॉटर टॅक्सी हॉटेलच्याच धक्क्याला लागते. तिचं भाडं माणशी नसतं, बोटीचं असतं. बॅगा धरून किती, ते चढण्याआधी ठरवा. आधी सामान द्या, मग चालकाचा हात धरून बोटीच्या मधोमध पाय टाका. ओहोटी असली की बोट धक्क्याच्या बरीच खाली असते, घाई नको. मोठ्या भरतीत ठेंगण्या पुलांखालून बोट जात नाही, म्हणून वळसा पडला तर भाडं वाढवायला फिरवतोय असं समजून भांडू नका!

नोव्हेंबर म्हणजे भरतीचा हंगाम. भरती ११० सेंटिमीटरच्या आसपास जाणार असा अंदाज असला की समुद्राकडचे मोसेचे, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाचे, दरवाजे उचलतात. पण सान मार्को चौक सखल, तिथे त्याआधीच पाणी साचतं. सकाळी रिसेप्शनला भरतीची वेळ विचारूनच बाहेर पडा.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, अडॅप्टर लागेल. आई, बाथरूममध्ये बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बुटकं बेसिन, असतो, मग्ग्याची काळजी सोड. शहराचा पर्यटक कर माणशी, रात्रीगणिक, पहिल्या पाच रात्रींपुरता. तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसेल तर वेगळा द्यावा लागेल. चेक-इनला दोघांचे पासपोर्ट लागतील, ते आईच्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तुमची,
लेक