किल्ली कोणाकडे होती?

संपादक महोदय,

पाण्याखाली काम करणारा माणूस दगावला की बातमी बहुधा चार ओळींची असते. त्यात ‘ऑक्सिजन सिलिंडर’ येतो आणि शेवटी ‘बुडून मृत्यू’. पहिली चूक किरकोळ. आम्ही दाबाखालची साधी हवा घेतो. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली स्वतःच घातक ठरतो. दुसऱ्या शब्दाबद्दल मात्र लिहायला हवं. चौदा वर्षं डायव्हर आणि अकरा वर्षं सुपरवायझर होतो, म्हणून सांगतो: बुडणं हा शेवटचा टप्पा असतो, चूक बऱ्याचदा वर, कोरड्या जागी झालेली असते.

एका पंपहाउसच्या इनटेकची, म्हणजे पंप जिथून पाणी आत खेचतो त्या तोंडाची, जाळी आम्ही साफ करत होतो. पाणी इतकं गढूळ की डायव्हरला स्वतःचा हात दिसत नव्हता. पंप बंद आहेत, एवढं आम्हाला तोंडी सांगितलं होतं. दुपारी तिथली पाळी बदलली आणि नव्या माणसाने बटण दाबलं. मी हेडफोन लावून बसलो होतो. आधी श्वासाचा आवाज वाढला, मग ‘पाय धरलाय, पाय धरलाय’. टेंडर, म्हणजे डायव्हरची लाईन वरून सांभाळणारा माणूस, ती ओढायला लागला, मी त्याला थांबवलं. अशा वेळी ओढून माणूस सुटत नाही, मोडतो. कंट्रोल रूमचा नंबर माझ्याकडे नव्हता (ही माझी चूक, मान्य आहे). एक पोरगा पळत गेला. चार मिनिटांनी पंप थांबला आणि पाय आपसूक सुटला. मांडी महिनाभर काळीनिळी होती, पण गडी वाचला.

याला आमच्यात ‘डेल्टा पी’ म्हणतात, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत तीन मीटरचा फरक असला, तर ताटाएवढ्या, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाच्या भोकावर २०० किलोहून जास्त जोर येतो. फरक सहा मीटर असला की दुप्पट. आवाज नाही, फेस नाही. जवळ जाईपर्यंत काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

चौकशीत निष्कर्ष निघाला: ‘डायव्हरने सुरक्षित अंतर राखले नाही.’ जाळी साफ करणाऱ्याने जाळीपासून अंतर राखायचं! धोक्याच्या फॉर्मवर माझी सही होती, कंत्राटदाराची होती. पंप ज्यांच्या ताब्यात, त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती.

नियमांत डायव्हरची वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, सिलिंडरची चाचणी, स्टँडबाय डायव्हर हे सगळं असतं आणि असायलाच हवं. प्रश्न पाण्याबाहेरच्यांचा आहे. ब्रिटनच्या १९९७च्या नियमांत तीन गोष्टी मला पटतात. सुपरवायझरची नेमणूक लेखी करावी लागते आणि देखरेख चालू असताना त्याने स्वतः पाण्यात उतरायचं नाही. शिवाय डायव्हिंगवर ज्याचं ज्याचं नियंत्रण चालतं त्या प्रत्येकावर जबाबदारी येते. काम देणारा त्यातून सुटत नाही.

तो सुटला की काय होतं, ते त्रिनिदादमध्ये दिसलं. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी दुरुस्ती करताना पाच डायव्हर ३० इंची तेलवाहिनीत खेचले गेले. एक जण कसाबसा बाहेर आला. आत अजून माणसं जिवंत आहेत, असं त्याने सांगितलं, तरी सोबतच्या डायव्हरना आत जाऊ दिलं गेलं नाही. आतले चौघे दगावले. काम कंत्राटदाराचं होतं, पाईप मालकाचा.

कारखान्यात यंत्राच्या पोटात हात घालण्याआधी स्विचला कुलूप लावतात. तेच इथे हवं, आणि कायद्यात नाव घेऊन हवं. प्रत्येक पंपाला, गेटला, व्हॉल्व्हला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. कुलूप लावल्याच्या कागदावर मालकाच्या माणसाची सही. डायव्हर वर आल्याशिवाय किल्ली परत नाही. पाळी बदलली तर नव्या माणसाने जागेवर येऊन सुपरवायझरला भेटायचं. याला फारसा खर्च नाही. काम अर्धा तास उशिरा सुरू होईल, आणि कंत्राटं त्या अर्ध्या तासावरच घासाघीस करून दिली जातात, हेही मला माहीत आहे.

ज्याने बटण दाबलं तो संध्याकाळी मला भेटायला आला होता. खाली माणूस आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याचेही हात थरथरत होते.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी ‘बुडून मृत्यू’ लिहिण्याआधी एवढं विचारा: पंप कोणाच्या ताब्यात होता, आणि त्याची किल्ली कोणाकडे होती?

– एक निवृत्त डायव्हिंग सुपरवायझर