डिस्चार्ज कार्डावर भागत नाही

उपचारात हलगर्जी झाल्याचा संशय आला की नातेवाईक आवाज चढवतात, पण केस पेपर मागत नाहीत. खटला कागदांवर उभा राहतो. डिस्चार्ज कार्ड म्हणजे नुसता गोषवारा. खरी माहिती नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, ऑपरेशन नोट्स आणि भूलतज्ज्ञाच्या नोंदीत असते. रक्तदाब किती वाजता घसरला आणि डॉक्टरांना कधी कळवले, हे तिथेच सापडते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत या नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. तोंडी मागणीला पुरावा राहत नाही.

संमतीपत्रावर रिकाम्या जागा असतील तर सही करू नका. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच सांगितले आहे. जिवावर बेतलेली तातडी हा अपवाद.

भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे. पोलिसांत धावण्याची घाई बहुधा फुकट जाते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरवर गुन्हा ठरायला घोर निष्काळजीपणा लागतो. आणि रुग्ण दगावला म्हणजे चूक झालीच, असेही नव्हे. म्हणून नोटीस पाठवण्याआधी त्याच विषयाच्या दुसऱ्या तज्ज्ञाला फाइल दाखवून त्याचे मत लेखी घ्यावे.

– एक वाचक, नाशिक