येझीहून पत्र: वेर्दिक्कियो आणि तिच्या जोडीचे जेवण

येझी, इटली
नोव्हेंबर

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोहोचले. द्राक्षबागेवर येणारे पाहुणे पांढरी वाइन आंबट लागते म्हणतात आणि ती कशाबरोबर घ्यायची असे विचारतात, हे तुम्ही लिहिले आहे. इथे आल्यावर मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर मला इथल्या वेर्दिक्कियो या पांढऱ्या वाइनने जेवणाच्या टेबलावर दिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेर्दिक्कियो हे मुळात द्राक्षाचे नाव आहे. इटालियनमध्ये ‘वेर्दे’ म्हणजे हिरवा, आणि पूर्ण पिकल्यावरही या मण्यावर हिरवट झाक राहते. येझीभोवतीच्या टेकड्यांवरील तटबंदीच्या गावांच्या नावाने तिच्या वाइनला 1968 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने विकायची तर निदान 85 टक्के द्राक्ष वेर्दिक्कियोच असावे लागते. तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे हिच्या बुंध्याजवळच्या डोळ्यांना घड कमी येतात, म्हणून छाटणीत काडी लांब ठेवून कमानीसारखी वाकवून तारेला बांधण्याची इथली जुनी रीत आहे. काढणी उशिरा, सप्टेंबरअखेरीस होते. गोडी पुरेशी भरली तरी आंबटपणा टिकून राहतो आणि घोट घशाखाली गेल्यावर कडू बदामाची किंचित चव मागे उरते.

नुसती प्यायल्यास हाच आंबटपणा आणि हीच कडवट चव खटकते. गेल्या रविवारी घरमालकीणबाईंनी जवळच्या अँकोना या बंदराच्या पद्धतीचा स्तोक्काफिस्सो केला, तेव्हा या आंबट-कडू चवीचे काम काय ते मला समजले. हा नॉर्वेहून येणारा, मिठाविना वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा; आपल्या सुक्या बोंबलाचा थोरला भाऊच म्हणा. तो कित्येक दिवस पाण्यात भिजवतात. बाईंनी पातेल्याच्या तळाला बोरूच्या काड्या आडव्या अंथरल्या, म्हणजे मासा खाली लागत नाही. त्यावर माशाचे तुकडे, अँचोव्ही नावाचे छोटे खारे मासे, टोमॅटो आणि सर्वांत वर बटाट्याच्या जाड फोडी रचून त्यांनी ऑलिव्हचे तेल हात आखडता न घेता ओतले आणि पेलाभर वेर्दिक्कियोही घातली. मंद आचेवर दोन-अडीच तास ते शिजत होते, पण त्यांनी डाव एकदाही घातला नाही. अधूनमधून पातेलेच हलवले. तेलाने माखलेल्या त्या बटाट्यावर वाइनचा एक घोट घेतला आणि तोंड लख्ख झाले, पुढचा घास पहिल्यासारखा लागला. बदामाची कडवट चवही बटाट्याच्या गोडीत मिसळून गेली होती.

अँकोनाच्या कोळ्यांचा ब्रोदेत्तो हा तेरा प्रकारच्या मासळीचा, टोमॅटो आणि व्हिनेगर घातलेला रस्सा. व्हिनेगरपुढे मवाळ वाइन पांचट लागते, ही मात्र टिकते. अस्कोलीकडची खिमा भरून तळलेली ऑलिव्ह आणि रानबडीशेप घालून भाजलेला ससा यांच्याबरोबरही हीच घेतात. विन्चिसग्रास्सी हा मांस आणि पास्त्याच्या थरांचा जड पदार्थ असला, तर निदान 18 महिने मुरवलेली ‘रिझेर्वा’ काढतात. माझ्या मते तिथे लाल वाइनच अधिक शोभते.

पाहुण्यांना देताना एक काळजी घ्या. मी पहिली बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून बर्फासारखी गार वाढली, तेव्हा वास मिटून गेला आणि कडवटपणा तेवढा उरला. दहा ते बारा अंशांवर ती खुलते.

काकूंच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर मात्र ही देऊ नका. तिखटाने तिची चव मारली जाते. कोथिंबीर वडी किंवा तळलेले बोंबील असतील तर तुमच्या बागेतल्या द्राक्षांची वाइनही आधी त्यांच्याबरोबर देऊन पाहा आणि पाहुणे काय म्हणतात ते मला कळवा. जानेवारीत येताना मी इथली एक बाटली आणीन, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून चाखता येतील.

काकूंना साष्टांग नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

तुमचा पुतण्या